दहा रुपयांचा डबा : काय उचलावे, किती मोजावे

नाण्यांच्या प्रदर्शनात डोळा आधी काचेकडे जातो. काचेखाली मखमलीवर मोगल रुपये, चौकोनी कागदी होल्डरात लेबल लावलेली नाणी, प्रत्येकावर किंमत. खरी गर्दी मात्र टेबलाच्या टोकाला असते. तिथे एखादा प्लास्टिकचा टब किंवा मिठाईचे रिकामे डबे मांडलेले असतात आणि पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेले असते : ‘कोणतेही १० रु.’ शेजारच्या डब्यावर २०, त्यापलीकडे ५०. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईच्या चोर बाजारात शुक्रवारी पहाटे हीच नाणी चादरीवर ओतलेली असतात आणि तिथे पाटीही नसते. भाव तुमचा चेहरा पाहून ठरतो.

या डब्यात खरेच काही मिळते का? मिळते. पण का मिळते हे समजून घेतले नाही तर दर वेळी पाचशे रुपयांचे भंगार घेऊन घरी याल.

विक्रेता मूर्ख नसतो. घर रिकामे करणाऱ्याकडून किंवा भंगारवाल्याकडून तो वजनावर लॉट घेतो. लॉट फुटला की पहिल्या तासात चांदी बाजूला निघते. मग ज्याला त्याला ठाऊक असलेली साले निघतात, संस्थानांची ठसठशीत नाणी निघतात. उरलेल्या हजार-दीड हजार नाण्यांतले प्रत्येक भिंगाखाली धरायचे म्हटले तर दोन दिवस जातील, आणि त्यातून वीस-तीस रुपये जास्त मिळतील अशी मोजकीच निघतील. त्याला ते परवडत नाही. म्हणून ती सगळी एकाच भावात डब्यात जातात. जिथे त्याचा वेळ महाग पडतो तिथे तुमचा फुकटचा वेळ कामाला येतो. सगळा शोध या एका फटीत चालतो. १९३९चा चांदीचा रुपया दहाच्या डब्यात सापडायचा नाही. सापडलाच तर तो खोटा असेल, असे धरून चाला. सापडते ते असे, जे ओळखायला भिंग, लिपी किंवा धीर लागतो.

आधी एकदाच होणारा खर्च

दहा पट मोठे दाखवणारे घडीचे भिंग दोनशे ते पाचशे रुपयांत येते. त्याहून जास्त शक्तीचे घेऊ नका. नाणे सगळे दिसत नाही आणि डोळे दुखतात. सोनारी पद्धतीचा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशात मावणारा काटा पाचशे ते हजार रुपयांना मिळतो. प्लास्टिकचे व्हर्नियर कॅलिपर दीड-दोनशेला आणि एक छोटा जोरकस लोहचुंबक वीस-तीस रुपयांना. दोन हजारांच्या आत सगळी सामग्री होते. पहिल्या खेपेला फक्त भिंग आणि चुंबक घेऊन गेलात तरी चालेल.

चुंबक भलताच उपयोगी असतो. चांदी, तांबे, पितळ आणि तांबे-निकेलचा मिश्रधातू त्याला चिकटत नाहीत. शुद्ध निकेल आणि पोलाद चिकटतात. १९४६-४७चा रुपया निकेलचा आहे, त्यामुळे तो चिकटतो. वर सहावा जॉर्ज पाहून ‘इंग्रजांच्या वेळची चांदी’ म्हणून तो कुणी देऊ लागला, तर चुंबक लावा आणि हसून परत करा. स्वतंत्र भारताचे सुरुवातीचे रुपयेही निकेलचेच, १९६४चा नेहरूंचा आणि १९६९चा गांधींचा रुपयाही निकेलचा. उलट ‘चांदीचा कलदार’ म्हणून पुढे आलेले नाणे चुंबकाला चिकटले, तर तो लोखंडावर चढवलेला मुलामा आहे.

ज्ञानाचा खर्च वेगळा धरायचा. फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचे संग्रहालय या दोन जागा पाहून ठेवाव्यात. खरे नाणे कसे दिसते हे डोळ्यांत बसल्याशिवाय खोटे ओळखू येत नाही. ब्रिटिश नाण्यांसाठी स्टीव्हन्स आणि वीअर यांचे पुस्तक प्रमाण मानतात, पण ते महाग आहे. नवशिक्याने मित्राकडचे चाळावे, किंवा फोनवर मोफत सूची पाहावी. मात्र सूचीतली किंमत ही बाजारात तुमच्या हातात पडणारी किंमत नव्हे, एवढे तेव्हाच मनाशी ठरवून टाका.

नगाने की किलोने

चोर बाजारात आणि काही घाऊक विक्रेत्यांकडे नाणी किलोने मिळतात. किलोचा भाव ऐकून स्वस्त वाटते, म्हणून लगेच भागाकार करावा. हे गणित मी खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवतो. १९७०च्या दशकातला ॲल्युमिनियमचा नागमोडी कडेचा दहा पैसा २.३ ग्रॅमचा, म्हणजे किलोत साधारण ४३०. १९४३ नंतरचा भोकाचा पैसा दोन ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे किलोत पाचशेच्या वर. १९०६ नंतरचा कांशाचा पाव आणा ४.८६ ग्रॅमचा, किलोत दोनशे. त्याआधीचा तांब्याचा जाड पाव आणा सुमारे साडेसहा ग्रॅमचा, किलोत दीडशे. अकरा कडांचा जुना दोन रुपया ६ ग्रॅमचा, किलोत १६६.

आता किलोचा भाव दीड हजार असेल तर ॲल्युमिनियमचे नाणे साडेतीन रुपयांना पडते आणि तांब्याचा पाव आणा दहाला. पहिल्यात चारशे तीस जवळपास सारखीच नाणी घरात येतात. ती ठेवणार कुठे? किलोने घ्यायचे तर तांब्या-कांशाचे मिश्रण घ्या. ॲल्युमिनियम नगानेच घ्या, एकेक निवडून.

दुसरे असे की दहाचे नाणे दहाला कधीच पडत नाही. वीसच्या डब्यातून चाळीस नाणी घेतली, ८०० रुपये. प्रत्येकाला चार रुपयांचा होल्डर, १६०. जाणे-येणे आणि चहा, अडीचशे. १,२१० झाले, नाणे तीसला पडले. तेच चाळीस पुढच्या महिन्यात विकायला नेले तर दुसरा विक्रेता एकेकाचे वीससुद्धा देणार नाही, कारण त्याच्याही टेबलावर वीसचा डबा आहे. या हिशेबाने गुंतवणूक होत नाही. छंदाचा खर्च म्हणून पाहिले तर परवडते.

डब्यात पाहायचे काय

पहिली गोष्ट टांकसाळीची खूण. बहुतेक नाण्यांवर सालाच्या खाली ती असते. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका; कोलकात्याची खूण नसते. एकाच सालाच्या चार टांकसाळी जमवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत व्यसनी प्रकार आहे. विक्रेता या खुणांसाठी डबा चाळत बसत नाही. १९८५मध्ये देशात सुट्ट्या पैशांची टंचाई होती आणि नाणी बाहेरून पाडून आणली होती. त्या सालच्या रुपयावर ‘एच’ अक्षर दिसले तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. पुढच्या काळातल्या पाच रुपयांवर मॉस्कोची रशियन अक्षरेही मिळतात. यातले काही लाखमोलाचे नाही. वीसचे नाणे पन्नास-साठचे होईल एवढेच. पण ते शोधण्यात डोळा तयार होतो. ब्रिटिश काळात लाहोरची टांकसाळ १९४३मध्ये सुरू झाली आणि युद्धकाळातल्या काही नाण्यांवर ‘एल’ अक्षर आले. हलक्या चांदीच्या पावल्या-अधेल्यांत ते सापडते, आणि पुष्कळदा कुणी पाहिलेले नसते.

दुसरी गोष्ट अवस्था. हीच खरी पैशाची जागा आहे, आणि नवखा तिकडे पाहत नाही. तो साल पाहतो. भोकाचा पैसा घ्या : युद्धात तांबे वाचवण्यासाठी मधे भोक पाडलेले हे नाणे १९४३ ते १९४७ भरमसाट पाडले, त्यामुळे झिजलेला पैसा कुणालाच नको असतो. पण तांब्याची मूळची लाली अजून कडेकडेने टिकून आहे, मुकुटाची रेघ न् रेघ उठून दिसते, असा एखादा डब्यात दडलेला असतो. दोन्ही दहालाच. शंभर उलटा आणि एक घ्या. नेहरूंचा रुपया सगळ्यांच्या घरी असतो. घासलेला मी वीसच्या वर घेणार नाही, पण खिशात कधीच न गेलेला, मूळ झळाळीचा मिळाला तर शंभरही देईन.

ही झळाळी आणि घासून आणलेली चमक यांतला फरक शिकायला वेळ लागतो. नाणे दिव्याखाली तिरपे धरून गोल फिरवा. मूळ झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी नाण्यावरून फिरते. घासलेले नाणे सगळीकडून एकसारखे चकाकते आणि भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात. आपल्याकडे घरातले जुने नाणे बाहेर काढले की आधी चिंच किंवा पितांबरी हातात घेतात. देवघरातल्या तांब्यासाठी ते ठीक. नाण्याची किंमत त्या पाच मिनिटांत निम्म्याहून कमी होते आणि परत येत नाही. डब्यातली निम्मी चकचकीत तांब्याची नाणी अशीच ‘सुंदर’ झालेली असतात. तपकिरी, समान रंगाचे, न घासलेले नाणे उचला.

तिसरी गोष्ट लिपी आणि शक. मराठी वाचकाला इथे आयता फायदा आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पाव आण्यावर देवनागरीत १९७० असते. अनेकांना ते इसवी सन वाटते आणि ‘एवढे नवे संस्थानी नाणे कसे?’ म्हणून टाकून देतात. तो विक्रम संवत आहे. ५७ वजा केले की १९१३ येते, म्हणजे माधवरावांचा काळ. जिवाजीरावांच्या पाव आण्यावर १९९९ असते, म्हणजे १९४२. इंदूरच्या होळकरांचा नंदी, बडोद्याच्या सयाजीरावांची तलवार, मेवाडच्या नाण्यावरचे ‘दोस्ति लंधन’ हे सगळे देवनागरीत वाचता येते. हैदराबादच्या निजामाची नाणी मात्र फारसी आकड्यांची. ते दहा आकडे एका संध्याकाळी शिकून होतात. हिजरी साल १३६२ वाचले तर त्यातून सुमारे तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा : १९४३. एवढे येत असेल तर ‘काहीतरी मुसलमानी नाणे’ म्हणून एका ढिगात टाकलेल्या तांब्यातून सालवार संच लावता येतो. गोव्याची तांब्याची टांगा, किंवा १९५८ नंतरची सेंटाव्हो-एस्कुदोची नाणी ‘फॉरेन’च्या डब्यात पडलेली असतात. तिथे ती विसाला मिळतात. गोव्यातला संग्राहक त्याहून जास्त देतो.

आता शिवराई. तिच्याबद्दल थोडे सविस्तर, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक ढिगात ती असते आणि प्रत्येकाला ती हवी असते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे बहुतेक नाण्यांवर अर्धीच अक्षरे उमटतात. म्हणून किंमत ठरते ती काय वाचता येते त्यावर. एका बाजूला ‘राजा’ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असे नाणे मी शंभरच्या वर घेणार नाही. दोन्ही बाजूंची अक्षरे काठाशी न तुटता पूर्ण उमटलेली असतील तर तीन-चारशे देताना कचरणार नाही, आणि विक्रेता सहसा तेवढे मागतोच. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई पेशवाईच्या काळातली आणि सर्वांत जास्त मिळणारी. तिला ‘महाराजांच्या हातची’ म्हणून हजार मागणाऱ्याला नमस्कार करा. ‘शिव’ ऐवजी ‘सिव’ किंवा ‘शीव’ लिहिलेली, अक्षरांभोवती वेगळे चिन्ह असलेली शिवराई डब्यात शोधण्यासारखी असते. त्यासाठी तांब्यावरची माती बोटाने खरवडू नका. विकत घ्या, घरी उकळून गार केलेल्या पाण्यात दोन दिवस भिजवा, मऊ ब्रशने हलकेच झटका.

मातीचा विषय निघालाच आहे तर : ‘शेतात सापडली, अजून माती आहे’ असे सांगून कुणी हंडाभर नाणी देऊ लागला, तर दूर राहा. जमिनीत सापडलेल्या जुन्या ठेव्याची खबर सरकारला देणे १८७८च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि गंमत अशी, की असल्या हंड्यांतली बरीच माती कालच लावलेली असते.

ज्यांना संस्थाने आणि टांकसाळी नकोत, त्यांनी विषय धरून गोळा करावे. १९७४ पासून काही वर्षे जवळपास दरवर्षी अन्न, कुटुंबनियोजन, स्त्री-विकास, बालवर्ष असे विषय घेऊन दहा पैशांची नाणी निघाली. पाटीभर ॲल्युमिनियममधून तो संच तीन-चारशे रुपयांत पुरा होतो. रुपया-दोन रुपयांच्या स्मारक नाण्यांत १९९९चे संत ज्ञानेश्वर आणि छत्रपती शिवाजी महाराज, २००२चे संत तुकाराम आहेत. ती दहा-वीसला घ्यावीत, त्याहून जास्त नाही. या नाण्यांना दर्शनी मूल्याचा आधार तरी आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनात राहिली नाहीत, म्हणजे तो दहा पैसा आता फक्त वस्तू आहे. अगदी नवी पाच-दहाची स्मारक नाणी मात्र डब्यातून विकतच घेऊ नका. बँकांच्या नाणे मेळाव्यात ती दर्शनी किमतीला मिळतात.

परदेशी डबा

हा बहुतेक विक्रेत्यांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून मला आवडतो. थायलंड, नेपाळ, आखात आणि जुने पेनी यांची ती खिचडी असते. इथे चांदी अजून सुटते, कारण ती ओळखायला देशागणिक साले लक्षात ठेवावी लागतात. अमेरिकेचे १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर ९० टक्के चांदीचे. त्यानंतरच्या नाण्याच्या कडेला तांब्याची लाल रेघ दिसते. चांदीच्याची कड पांढरी सलग असते. इंग्लंडचे शिलिंग १९२० ते १९४६ निम्म्या चांदीचे, त्याआधीचे ९२.५ टक्के. पूर्व आफ्रिकेचा सिंहाचा शिलिंग दोन महायुद्धांच्या दरम्यान पाव चांदीचा. मोंबासा-कंपालाहून परतलेल्या कुटुंबांमुळे मुंबईत तो सढळ मिळतो. मॉरिशसच्या रुपयावर शिवसागर रामगुलाम दिसतात. तिथल्या मराठी घरांशी नाते असलेल्याने तो ठेवावा, पैशासाठी नव्हे. युरो चालू चलन असल्याने विकत घेतलेल्या भावाहून जास्त किमतीचाही निघू शकतो. जुना जर्मन मार्क आजही जर्मनीची मध्यवर्ती बँक बदलून देते, फक्त तो तिथवर न्यायला कुणी हवे.

चांदीचा हिशेब सोपा आहे. व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅम आणि ९१.७ टक्के शुद्ध, म्हणजे १०.६९ ग्रॅम चांदी. १९४० ते १९४५चा निम्म्या चांदीचा, ५.८३ ग्रॅम. समजा भाव ग्रॅमला शंभर असेल तर पहिल्यात १,०६९ आणि दुसऱ्यात ५८३ रुपयांची चांदी आहे. त्या दिवशीच्या भावाने गुणा. त्याच्या आसपास मिळाला तर नुकसान नाही, दुप्पट मागितले तर का हे विचारा. व्हिक्टोरियाची चांदीची चवली, म्हणजे दोन आणे, दीड ग्रॅमची इवलीशी, काळवंडलेली असते आणि तांबे-निकेलच्या गठ्ठ्यात सहज बुडून जाते. नखाएवढी काळी नाणी म्हणून उलटून पाहायची. एक सावधगिरी : १९१९ ते १९२१ या काळात आठ आणे आणि चार आणे तांबे-निकेलचे होते, त्यांची खोटी नाणी त्या काळापासून आहेत.

टेबलासमोर

आधी विचारा : ‘काका, डबा खाली करून बघू का?’ परवानगी मिळाली की एका वेळी एकच डबा घ्या. पन्नासच्या डब्यातले नाणे दहाच्या डब्यात सरकवणारे गिऱ्हाईक विक्रेत्याला पाठमोरा असतानाही दिसते, आणि पुढच्या वर्षीही आठवते. नाणे कडांना धरा. अंगठ्याने चोळू नका, थुंकी लावू नका. निवडलेली बाजूला एका ओळीत ठेवा, सगळी झाली की एकदम विचारा : ‘सगळ्यांचे मिळून किती?’ तीस नाण्यांत दोन चांगली असतील तर ती दोनच पुढे करून भाव विचारणे म्हणजे विक्रेत्याला भिंग हातात देणे. घासाघीस करा, पण दहाच्या नाण्यावर नाही. ढिगावर दहा-पंधरा टक्के सहज सुटतात.

वेळ पाहून जा. नवा लॉट हवा असेल तर पहिल्या दिवशी सकाळी. भाव हवा असेल तर शेवटच्या दिवशी तीन-चारच्या सुमारास, जेव्हा विक्रेत्याला ते वजन परत गाडीत भरायचे नसते. ‘नवा लॉट कधी फोडला?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. नेहमीच्या गिऱ्हाइकाला डबा भरल्याचा फोनही येतो. हजारावरच्या खरेदीला पावती मागा. पावती देण्याचे नाव काढताच चेहरा पडणाऱ्याकडून चांदी घेऊ नका.

न घ्यायच्या गोष्टी

रामदरबार, हनुमान किंवा कमळ एका बाजूला आणि ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असे दुसऱ्या बाजूला असलेली तांब्याची जाड नाणी प्रत्येक डब्यात असतात. कंपनीने असले काही चलनात आणले नाही. ती देवळाच्या प्रसादाची किंवा निव्वळ कल्पनेतली टोकन्स आहेत. तीसला आवडले तर घ्या, लाखाची स्वप्ने पाहू नका. ‘तांदूळ ओढून घेणारे नाणे’ सांगणारा तर थेट पोलिसांच्या कामाचा. वैष्णोदेवीच्या छापाचे पाच-दहाचे नाणे लाखाला जाते, ट्रॅक्टरची नोट घर बांधून देते, अशा चित्रफितींवर विश्वास ठेवून लोक दलालांना ‘नोंदणी शुल्क’ पाठवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केले, की आपल्या नावाने कमिशन किंवा कर मागणारे लबाड आहेत. नाणे विकण्यासाठी विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात, एवढे घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

ओतीव खोटे नाणे ओळखायला कड पाहा : मधोमध जोडाची बारीक रेघ, अक्षरे साबणावर कोरल्यासारखी मऊ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे. वजन काट्यावर टाका. रुपया ११.६६ ऐवजी १०.४ भरला तर वादच नको. १९३८च्या ८चा ९ केलेला रुपया भिंगाखाली चटकन कळतो. त्या आकड्याभोवतीची जमीन बाकीपेक्षा वेगळी दिसते. आणि डब्यातले नाणे परदेशी संस्थेकडे दर्जा ठरवून घ्यायला पाठवू नका. टपाल, विमा, शुल्क मिळून हजारांत जाते आणि पेटीबंद होऊनही ते साठचेच राहते.

घरी आल्यावर

भाजीवाल्याच्या पिशवीसारख्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणे ठेवले की वर्ष-दोन वर्षांत हिरवा चिकट थर येतो. तो नाणे खातो. पुठ्ठ्याचे होल्डर किंवा कडक, न चिकटणाऱ्या प्लास्टिकची पाकिटे घ्या. दोन ते पाच रुपये नग. थर आलाच असेल तर रसायनांच्या दुकानातले शुद्ध ॲसिटोन वापरा, नखांचे रंग पुसायचे नको. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी होते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अल्बमबरोबर दोन-तीन सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये बदला. होल्डरवर पेन्सिलने लिहा : कुठून, कधी, कितीला. पुढे विकताना आणि घरच्यांना समजावताना ही एक ओळ उपयोगी पडते.

परदेशातून सुट्टीवर आलेल्यांसाठी एक मात्र पक्के. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाही, मग ते दहाच्या डब्यातले का असेना. एडवर्डचा पाव आणा, शिवराई, १९११चा पैसा मामाकडे ठेवून जा. प्रजासत्ताकाची नाणी, भोकाचा पैसा, १९४६चा निकेलचा रुपया यांना ती अडचण नाही. पावती मात्र पासपोर्टबरोबर ठेवा.